रिस्पाबाई आणि चारशे बारा अंगठे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सहकारी संस्थेचे सन्माननीय श्री. किमुताई साहेब. व्यासपीठावर बसूनही कामाचा एप्रन न काढलेले आमचे सिफुना मिस्त्री. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आदरणीय रिस्पा नालियाका बाई. कितालेपासून बुंगोमापर्यंतच्या माझ्या कोंबडीवाल्या बंधुभगिनींनो. आणि गाडीभाडं वाचवून घरूनच फोनवर हे भाषण ऐकणाऱ्या ग्रुपच्या सदस्यांनो, तुम्हा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मागच्या खोलीतून मक्याची उगाली आणि रश्श्याचा वास यायला लागलाय, तेव्हा त्या दहाची सात झाली तरी कोणाला दुःख होणार नाही, हे मी जाणून आहे.

बाई परवा वोईला, लेकीकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. ग्रुपचं अ‍ॅडमिनपणही सोडताहेत. त्यांच्याबद्दल मीच का बोलायचं? तर त्यांची सगळ्यात जास्त बोलणी मी खाल्ली आहेत, म्हणून.

नव्या मंडळींसाठी थोडं मागे जातो. 'कुकू उआनी' ही वेबसाइट मी सहा वर्षांपूर्वी एकट्याने काढली. नावाप्रमाणेच, अंगणात कोंबड्या कशा पाळायच्या ते लिहायचं आणि लेखाखाली उबवणी यंत्राची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कोणी मोठ्या ऑनलाइन दुकानातलं यंत्र घेतलं, की मला कमिशन. माणसं शोधत यायची, वाचायची, विकत घ्यायची आणि जायची. कोण आलं होतं, त्याची अंडी उबली की सडली, मला काय ठाऊक? आणि खरं सांगायचं तर, मला काय पडलं होतं?

पुढे इंटरनेटवर शोधणाऱ्यांना शोधाच्या पानावरच तयार उत्तरं मिळायला लागली आणि माझ्या पानापर्यंत कोणी येईना. उरला तो वाचकांसाठी सहज काढलेला ग्रुप. त्यात बाई आल्या. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. ग्रुप काय आणि वर्ग काय! तिसऱ्याच दिवशी बाराशे लोकांसमोर त्यांनी विचारलं, "एनॉक, हे यंत्र तू स्वतः वापरलंयस का रे?"

मी लिहिलं, "बाई, त्याला फार चांगले अभिप्राय आहेत."

"अभिप्रायांना पिल्लं झाली का?"

मी यंत्र मागवलं. पन्नास अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं. बाईंनी तो आकडा त्याच लेखात, लिंकच्या वर लिहायला लावला. माझं कमिशन निम्म्यावर आलं.

तेव्हा तुम्हा लोकांना माझी दया आली. देव करो आणि पुन्हा अशी दया कोणाला न येवो! आपल्याकडे लग्न असो, दवाखाना असो, मयत असो, सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायचा हरांबे ठरलेला. यादी फिरते, जो तो ती उचलतो, खाली आपलं नाव लिहून पुन्हा टाकतो. तसाच हरांबे माझ्यासाठी झाला, मला न सांगता. शनिवारी सकाळी सगळ्यांनी एनॉकची लिंक उघडायची, जमेल ते घ्यायचं, आणि ज्याला घेणं जमत नाही त्याने निदान अंगठ्याने तरी हातभार लावायचा. यादीत चारशे बारा नावं. वान्योन्यी आजोबा, तुमच्या नावापुढे 'एकशे साठ वेळा दाबली, अजून दाबू का?' असं लिहिलेलं आहे. हसू नका, आजोबा. अंगठ्याला चार दिवस तेल चोळत होतात, आजींनी सांगितलंय मला.

सोमवारी दुकानाचं पत्र आलं. एका तासात एकाच भागातून हजारो वेळा लिंक दाबली गेली. हे माणसांचं काम नाही, यंत्राचं आहे. खातं बंद, साठलेलं कमिशन रद्द. आणि मी किती शहाणा? ही खरी माणसं आहेत हे पटवायला मी त्यांना पुरावा म्हणून ती यादीच पाठवली. नावानिशी, आकड्यांसकट! त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: आभारी आहोत, आता सगळं अधिकच स्पष्ट झालं.

माझं दुसरं उत्पन्न नव्हतं. खतांच्या गोदामात कारकुनाची जागा निघाली होती, तिथे अर्ज केला आणि ग्रुपवर लिहिलं, वेबसाइट बंद करतोय. तासाभरात दारात भाड्याची मोटरसायकल थांबली. मागच्या सीटवर बाई, हेल्मेट डोक्यावर तसंच.

"कोणाला विचारून बंद करतोयस?"

"बाई, वेबसाइट माझी आहे."

"तुझी? पिल्लं रोज आम्ही मोजतो, आकडे आम्ही टाकतो, आणि टाळं लावायला तू एकटा? चप्पल घाल."

रस्त्यात मात्र म्हणाल्या, "यादीत पहिलं नाव माझं आहे, एनॉक. दहा ते अकरा, शिस्तीत, एकामागोमाग दाबा, हेही मीच सांगितलं होतं. शिस्तीनेच घात केला." तीस वर्षं मुलांना शिस्त लावलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकलं आणि मला अगदी भरून आलं.

त्या मला घेऊन गेल्या सिफुना मिस्त्रींच्या शेडवर. जुन्या फ्रिजच्या सांगाड्यातून मिस्त्री उबवणी यंत्रं बनवतात हे गावाला माहीत होतं. माझ्या वेबसाइटला नव्हतं. बाईंनी सरळ मांडलं. तीन घरांत तुमची तीन यंत्रं एकवीस दिवस चालवू. रोजचा फोटो ग्रुपवर. जमलं तर ग्रुपमधून येणाऱ्याला किंमत कमी, एनॉकला त्याचा वाटा, आणि तो वाटा किती हे सगळ्यांना दिसेल असं लेखात लिहिलेलं.

मिस्त्री म्हणाले, "आणि नाही जमलं तर?"

"तर तेही लिहू."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "मग बाई, आधी मला थर्मोस्टॅट बदलू द्या."

सरासरी पन्नासातली त्रेचाळीस अंडी उबली. आज एल्डोरेटहून मागणी येते. तक्रार आली तर मी वाचायच्या आत चार जण मिस्त्रींकडे पोचलेले असतात. पूर्वी मी लिहायचो आणि तुम्ही घ्यायचात. आता तुम्ही वापरता, मग मी लिहितो. गोदामाची नोकरी मी घेतली नाही.

पण गेला महिनाभर बाईंना एकच घोर लागलाय. परवा त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे, पण पाठीशी कोणी नसलं की भुलतो." बाई, मिस्त्रींच्या पोटात काही राहत नाही.

म्हणून आज एक गोष्ट कबूल करतो. तीन आठवड्यांपूर्वी त्या मोठ्या दुकानाचं पुन्हा पत्र आलं. खातं सुरू करतो, वाटा दुप्पट देतो. बदल्यात त्यांचं यंत्र सगळ्यात वर ठेवायचं आणि ग्रुपचे आकडे पानावरून काढून टाकायचे. दुप्पट, बरं का! माझ्या बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी एक दिवस थांबलो. खोटं कशाला सांगू, एक अख्खा दिवस थांबलो. मग उत्तर लिहिलं: यंत्र पाठवा, तीन घरांत चालवू, जो आकडा येईल तो छापू. अजून त्यांचं उत्तर नाही, आणि यायची चिन्हंही नाहीत.

बाई, हे मी तुम्हाला विचारलं नाही. तुमचा नंबर काढला होता, पण लावला नाही. तुम्ही निश्चिंत मनाने वोईला जा.

अध्यक्षमहाराज, आपण वेळ दिलात, स्वयंपाकघरातल्या भगिनींनी दम धरला, सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाची थट्टा जास्त झाली असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि बाई, आता डोळे पुसा, सगळे बघताहेत; मलाही मग आवरत नाही.