अडुळशाचं आवतान

(रहिमतपूरबाहेरचा बांध. साताऱ्यात फार्मसी शिकणारी शिवांजली आणि पलटणीतून निवृत्त झालेले जोतीराम आबा.)

शिवांजली : ...मग तुम्हीच सांगा आबा, औषध गेलं कुठं?

जोतीराम : आगं, शेरडं समदं शिवार फस्त करत्यात, पर अडुळशाला तोंड लावत न्हाईत. इतकं जालीम पान!

शिवांजली : मागच्या आठवड्यात होतं. व्हॅसिसीन. त्यानंच कफ सुटतो, श्वास मोकळा होतो. कालची पानं कॉलेजात तपासली, तर शून्य. तीनदा तपासली.

जोतीराम : यंत्राचं ऱ्हाऊ दे. चावून बघितलंस?

शिवांजली : गवत चघळल्यासारखं लागतंय. थट्टा नको हो. डॉक्टरांची औषधं चालू आहेत, तरी आई तीन रात्री बसून आहे. या काढ्यानंच तिला जरा डोळा लागतो.

जोतीराम : तोडायच्या आदल्या सांजंला झाडाला आवतान दिलंतंस?

शिवांजली : परवा दिलं. तुम्ही सांगितलं तसं. हळद-तांदूळ वाहून म्हटलं, उद्या औषधाला चल.

जोतीराम : कुणासाठनं?

शिवांजली : आईसाठी.

जोतीराम : नाव?

शिवांजली : नाव कशाला? आई म्हणजे आई.

जोतीराम : घोटाळा केलास की पोरी! माझी आई दम्यानं गेली. तिची राख खड्ड्यात घालून वर ह्यो अडुळसा मीच लावलाय. त्याला नुसतं ‘आई’ म्हनल्यावर औशीद तुझ्या आईकडं कशाला जातंय?

शिवांजली : झालं सुरू! मागं बिबट्याला सॅल्यूट शिकवला होतात.

जोतीराम : त्ये खोटं. ह्ये न्हाई. चाळीस वर्सं ह्या बांधाखाली तिचा खोकला ऐकतूय मी. परवा सांजंपास्नं बंद हाय. लय गाढ झोपलीया.

शिवांजली : आबा... मग मी काय करू?

जोतीराम : पुन्यांदा आवतान दे. पुरं नाव घिऊन. उद्यापतुर थांबायला तुझ्या आईत दम न्हाई, आत्ताच दे.

शिवांजली : अडुळशा, कडेगावच्या शालूबाई संपत मोहिते यांच्यासाठी चल.

जोतीराम : आता चाव.

शिवांजली : ईऽऽ, कडूजहर! आबा, आलं! औषध आलं!... थांबा. खाली कोण खोकतंय?

जोतीराम : पिशवी भर.

शिवांजली : अहो, पण त्या...

जोतीराम : भर म्हनतो न्हवं. माझ्या आईला सवय हाय.