अनुमोदन कोणाचं?

आलात ना सगळे कीर्तनाला? मग एकदा देवाचं नाव घ्या, आणि खिशातला मोबाईल गप्प करा!

मंडळी, आज एकच प्रश्न. पाप करणारा पापी — यात काय सांगायचं! पण पापाला नुसती मान डोलावणारा? त्यानं कुणाला मारलं नाही, कुणाला लुबाडलं नाही. फक्त म्हणाला, 'बरोबर आहे साहेब!' यमाच्या दारात त्याला कुठल्या रांगेत उभं करायचं?

ऐका! आमच्या सूनबाईंना आकाशातल्या लढायांचे सिनेमे फार आवडतात. एकाच गोष्टीचे सहा भाग! अहो, रामायणात विमान एक, तरी गोष्ट संपली. इथं हजार विमानं, पण गोष्ट संपेल तर शपथ!

त्यात नायक आहे, खलनायक आहे. पण मला भावला तो महासभेत तिसऱ्या रांगेत बसणारा पुढारी. नाव ओर्वेन. तिल्मा नावाच्या निळ्या, पाणीदार ग्रहाचा प्रतिनिधी. मोठा माणूस! चार भागांत त्याला शब्द किती? एक! अध्यक्ष म्हणायचे, "सूचना मांडतो." की हा ताडकन उभा — "अनुमोदन!"

सूचना कसली? ते विचारायचं नसतं, मंडळी! भूक लागते, घरी जायचं असतं. अध्यक्षांना जादा अधिकार? अनुमोदन! विरोधकांना कोठडी? अनुमोदन! माणूस कामसू हो!

एके दिवशी राजधानीतल्या खोलीतून पडद्यावर बायकोशी बोलतोय. ती तिकडे तिल्मावर. ती म्हणाली, "आज सभेत काय झालं?"

"विषय नऊ मंजूर झाला. मीच अनुमोदन दिलं!"

"विषय नऊ म्हणजे काय?"

आली का पंचाईत! चष्मा शोधला, कागद उघडला. 'राजधानीच्या पाण्याची गरज भागविण्यासाठी तिल्मा ग्रहावरील सर्व समुद्र उपसून नेणे. रहिवाशांनी आपली सोय पाहावी.'

बायको विचारतेय, "अहो, बोला ना! काय आहे?" आणि चार भाग सभेत एकच शब्द बोललेल्या माणसाला दुसरा सुचेना.

सकाळी धावत अध्यक्षांकडे. "साहेब, घोटाळा झाला! माझं घर आहे तिथं. बायको आहे. तीन कोटी माणसं आहेत!"

अध्यक्ष कसे? गोड! गोड माणसापासून जपून राहा मंडळी, आणि पुढच्या रांगेत बघू नका — मी सिनेमातलं सांगतोय! अध्यक्ष म्हणाले, "ओर्वेनजी, लोकशाही आहे. तुमची सूचना मांडा की! कुणी अनुमोदन दिलं, तर मतदान घेऊ."

सभा भरली. हजार प्रतिनिधी. ओर्वेन उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा विषय वाचून आलेला! म्हणाला — "विषय नऊ रद्द करावा, अशी मी सूचना मांडतो."

अध्यक्षांनी विचारलं, "सूचक ओर्वेन. अनुमोदक?"

कुणी उठेना.

"अनुमोदक कोण?"

अहो, कोण असणार? आजवर अनुमोदन द्यायचं काम एकाचंच! बाकीच्यांना सवयच नाही. कुणी छताकडे बघतंय, कुणी कानात बोट घालतंय. ओर्वेन एकेकाचं तोंड बघतोय. शेवटी बिचारा सवयीनं स्वतःच ओरडला — "अनुमोदन!"

सभा हसली. अध्यक्षही हसले. "स्वतःच्या सूचनेला स्वतः अनुमोदन देता येत नाही. सूचना फेटाळली. पुढचा विषय!"

पुढच्या भागात तिल्मा दाखवलाय. पाणी गेलेलं. त्याची बायको कोरड्या समुद्रात हंडा घेऊन चाललीय. मंडळी, मी थट्टा करत होतो, पण तिथं माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

आता, हे झालं आकाशातलं. आपल्याला काय त्याचं?

देवळाबाहेर जिथं चपला काढल्यात ना, तिथंच वर भिंतीवर परवा होणाऱ्या ग्रामसभेची नोटीस लावलीय. विषय सात कुणी वाचला? हात वर करा... एकही नाही? मी वाचलाय! 'गावतळं पंचवीस वर्षांसाठी कंपनीला देणे.' आणि परवा तुम्ही काय करणार, मला ठाऊक आहे. 'मंजूर, मंजूर' ओरडणार, आणि चहाच्या टेबलाकडे पळणार!

तेव्हा आरती थांबवा. बुवा, मृदंग खाली ठेवा. मीही याच गावचा मतदार आहे. विषय सातला विरोध करावा, अशी सूचना मी परवा मांडणार.

सूचक मी. अनुमोदक कोण?

...बोला! मी उभा आहे.