पंचवीस ग्रॅमची हेरिंग

...नाही, पण तुम्हीच सांगा, माझ्या हेरिंगनं कुणाचं काय घोडं मारलं होतं? जन्म गेला या उत्तर स्वीडनच्या किनाऱ्यावर, दर ऑगस्टमध्ये आंबवलेल्या हेरिंगचा टम्म फुगलेला डबा अंगणात फोडायचा, पातळ भाकरीत बटाटा-कांद्याबरोबर तो मासा गुंडाळायचा आणि डोळे मिटून खायचा... आणि यंदा? बंद! का? तर म्हणे कॉम्प्युटरमुळे!

अहो, हसताय काय! आमची गुनवोर, म्हणजे बायको, नगरपालिकेच्या कचेरीत. कचेरीवाल्यांच्या संघटनेनं ठरवलं, मॉनिटरमध्ये काय असावं आणि काय नसावं, हे आता आपण सांगायचं. शिसं किती, पारा किती, कॅडमियम किती... आणि समितीत कोण? गुनवोर! मी म्हटलं, "अगं, मॉनिटर बघायचा असतो, खायचा थोडाच असतो?" तर म्हणाली, "सिक्स्तेन, पेट घेऊ नये म्हणून त्याच्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची रसायनं घालतात. ती धुळीतून, सांडपाण्यातून समुद्रात जातात. आणि समुद्रातून कुठे जातात?" मी म्हटलं, "कुठे?" तिनं नुसतं माझ्या ताटाकडे बघितलं.

आता बोला! मॉनिटर बनतो कुठे, बसतो कुठे... यात माझ्या हेरिंगनं काय घोडं मारलं?

भांडलो असतो हो मी. पण आमची तूवा, लेक माझी, पहिलटकरीण, माहेरी आलेली. गुनवोर हळूच म्हणाली, "हे आईच्या दुधातसुद्धा उतरतं रे." डबा उचलला आणि मुकाट्यानं तळघरात नेऊन ठेवला.

मग बैठका सुरू. आमच्या घरात! कॉफी, दालचिनीचे बन, परत कॉफी. एक म्हणणार, "अगदी थोडं चालेल." दुसरी म्हणणार, "थोडं म्हणजे किती?" की लगेच कॉफी! अध्यक्ष स्टॉकहोमचे, त्यांना आमच्याकडची रीत काय ठाऊक? आमच्याकडे 'हो' म्हणायला तोंड वाजवत नाहीत, नुसता श्वास आत ओढायचा, 'श्युप्!' की झालं 'हो'. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "पंचवीस ग्रॅमपेक्षा जड प्लास्टिकच्या भागात ब्रोमीन नको, मान्य?" सगळ्यांनी एकदम, "श्युप्!" अध्यक्ष घाबरले, "अहो, खिडकी उघडू का? दम लागलाय का सगळ्यांना?"

पण मी कुठलं ऐकतोय! माझ्या डोक्यात एकच... पंचवीस ग्रॅम! म्हणजे त्याच्या आतलं चालतं? गेलो स्वयंपाकघरात, वजनाचा काटा आणला, गुनवोरसमोर ठेवला. म्हटलं, "एकेक तुकडा मोजून खातो. पंचवीसच्या आत!"

"सिक्स्तेन, तो नियम मॉनिटरला आहे."

"मग मॉनिटरची बंदी हेरिंगला कशी लागते? तूवाला एक कणही नको, शंभर वेळा कबूल. पण मी काय कुणाला दूध पाजणार आहे?"

तूवा इतकी हसली, इतकी हसली, की पोट धरून खालीच बसली. आणि गुनवोर... गप्प. गप्प म्हणजे अर्धं काम झालं! डबा आणला, अंगणात टेबल मांडलं, तूवाला आत बसवलं, डब्याला भोक पाडलं. फस्स! अहाहा! तो वास! तुकडा काट्यावर ठेवला आणि गुनवोरला विचारलं, "चालेल ना ग?"

आणि तिनं श्वास आत ओढला. "श्युप्!"

तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. काय बायको आहे! भाकरी गुंडाळली, पहिला घास घेतला, दुसरा घेतला... बघतो तर गुनवोर लालबुंद, गाल फुगलेले. मग एकदम श्वास सोडला आणि ओरडली, "हो कुठे म्हटलं मी? वास नको म्हणून श्वास रोखून उभी होते! वजनाचा नियम बरा पाठ झाला तुझा, मॉनिटरनं बाहेर काय काय सोडायचं नाही, ते कलम तुझ्या या वासाला कोण लावणार?"

झालं. टेबल गेलं कुंपणापलीकडे, समुद्राच्या काठाला. परवा घरात नवा मॉनिटर आला, समितीच्या चाचणीत पास होऊन शिक्का मिळालेला. आत उबेला बसलाय, तूवाच्या शेजारी. मी इथे वाऱ्यात. गुनवोरला विचारलं, "आत कधी येऊ?" तर म्हणाली, "तू आधी पास हो."