दिवे सगळे हिरवे

...आणि दिवे सगळे हिरवे! नाही, हे आधी नीट ऐकून घ्या, कारण माझं कुणी ऐकतच नाही, हेल्पलाइनवाले तर न ऐकण्याचाच पगार घेतात... डब्यावरचे झाडून सगळे दिवे हिरवेगार, एक लाल नाही की पिवळा नाही, आणि समोर हॉलमध्ये अख्खी बरॅक हातात मोबाईल घेऊन माझ्याकडे अशी बघतेय, जसं काही मीच नेटवर्क गिळून बसलोय!

आता मी कोण? तर मी स्टोअरकीपर. पुलाच्या कामावर स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, वेल्डिंगच्या कांड्या, दोरखंड, हातमोजे, हे माझं राज्य. मग हा वायरलेसचा डबा माझ्या गळ्यात कसा पडला? तुम्हाला सांगतो, एकदा, फक्त एकदा, साहेबांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला. ओढून हो! त्याला अक्कल लागत नाही, नखं लागतात. पण साहेब म्हणाले, "अरे वा, तुम्हाला कळतं की यातलं!" झालं! त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर खातं.

बरं, आमचं काम खोऱ्यात. दोन्ही बाजूंना डोंगर, मोबाईलला रेंज नावालाही नाही. बाहेरच्या जगाशी संबंध दोनच. एक माझ्या टेबलावरचा तारेचा फोन, त्यावर मीच चिठ्ठी चिकटवलीय, 'खाजगी कामासाठी वापरू नये', कारण एकाला हो म्हटलं की दारात रांग लागते आणि मग नट-बोल्ट कुणी द्यायचे? आणि दुसरा हा डबा. तो बसवायला आलेला माणूस काय रुबाबात होता! "यात सगळं आलं बघा. एक सर्व्हिस प्रत्येक मोबाईलला पत्ता देते, एक पासवर्ड तपासते, एक बाहेरचं दार सांभाळते." मी विचारलं, "आणि बंद पडला तर?" तो म्हणाला, "बंद पडतच नाही." आणि गेला. तुम्हाला सांगतो, 'बंद पडतच नाही' म्हणणाऱ्या माणसाला कधी जाऊ देऊ नये. तिथंच बसवून ठेवावं, चहा पाजत राहावं, पण जाऊ देऊ नये.

कारण हा डबा आठवडाभर गुणी बाळासारखा वागायचा, आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजले की मान टाकायचा! रविवारीच का? पाचलाच का? सुट्टीचा दिवस, घरून फोन यायची वेळ, सगळे अंघोळ-बिंघोळ करून हॉलमध्ये जमलेले... आणि नेमकं तेव्हाच! आणि सहा वाजले की आपोआप सुरू, जसं काही झालंच नाही!

मी हेल्पलाइन लावली. आधी ते संगीत. मग ती बाई, आवाज असा की वाटावं माझ्याच फोनची वाट बघत बसली होती.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"बाई, नेटवर्क चालत नाहीये."

"दिवे हिरवे आहेत का, सर?"

"हिरवे आहेत."

"मग चालू आहे, सर."

"अहो, चालू आहे पण चालत नाहीये!"

"सर, सर्व्हिसेसचं पान उघडा. सगळ्यांपुढे काय लिहिलंय?"

"चालू."

"बघा! चालूच आहे ना सर?"

आता काय डोकं फोडून घेऊ? ती म्हणाली बंद करून परत चालू करा. केलं. ती म्हणाली पिंग करा. पिंग म्हणजे काय, तर आपण डब्याला हाक मारायची आणि डब्यानं ओ द्यायची. मी हाक मारली, त्यानं ओ दिली. त्याला बाहेर हाक मारायला लावली, तर बाहेरून कुणी ओ देईना! म्हणजे डबा आणि मी, आम्ही दोघं एकमेकांना धरून बसलोय आणि जगाला आमचा पत्ताच नाही. आणि दिवे? हिरवे!

तुम्ही म्हणाल, तासभर नाही चाललं तर काय आभाळ कोसळलं? कोसळतं हो. आमच्या क्रेनवाल्या काकांवर कोसळतं.

काकांची गोष्ट अशी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी, फार जीव. दर रविवारी पाचला तिचा फोन ठरलेला. तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, काका भडकले, आणि त्या भडक्यात बोलून गेले, "मला परत फोन करू नकोस!" आता मुलगी कुणाची? बापाचीच! शब्दाची पक्की. नाहीच केला. आणि हा माणूस, इतका मोठा लोखंडी गर्डर हवेतून आणून जागेवर असा ठेवतो की खालच्याच्या चहाच्या कपात तरंग उठणार नाही, तो माणूस दर रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पाचच्या आधी खिडकीजवळ येऊन बसतो. गुडघ्यावर मोबाईल, पुढ्यात पेपर. विचारलं तर म्हणतो, "मी आपला पेपर वाचतोय." काका, पेपर मागच्या आठवड्याचा आहे! "मग? मागच्या आठवड्यात काही झालंच नाही का?"

म्हणून माझा जीव तुटायचा हो. समजा त्या मुलीचा राग गेला, समजा तिनं लावला आणि तो माझ्या डब्यामुळे लागला नाही... कुणाच्या डोक्यावर ते पाप? मी डबा पुसला. डबा उंचावर ठेवला. डब्याला पंखा लावला, माझ्या स्वतःच्या खोलीला पंखा नाही! पाच वाजले, गेला! दिवे हिरवे!

शेवटी आमची ही म्हणाली. ही म्हणजे बायको, इथंच क्वार्टरमध्ये असते, त्या डब्याला सवत म्हणते. तर ही म्हणाली, "काय हो, बरोबर रविवारी पाचलाच कसा आजारी पडतो तो? शाळेच्या वेळेला पोरांच्या पोटात दुखतं, तसलं दुखणं दिसतंय. नाटक आहे, नाटक. डब्याकडे बघू नका, माणसांकडे बघा."

मी म्हटलं, तू यात पडू नकोस, हे तांत्रिक आहे. आणि गुपचूप तिचंच ऐकलं. चोवीस तास जरी संसार केला तरी माणसाला हे तंत्र येतं.

पुढच्या रविवारी पाचला मी डब्यापाशी गेलोच नाही. डब्यातून निघालेली वायर धरून भिंतीभिंतीनं चालत सुटलो. ती वायर जाते स्वयंपाकघरामागच्या कोठीत, तिथं भिंतीवर एक छोटी पेटी, आणि त्या पेटीतून दुसरी वायर गच्चीवरच्या अँटेनाच्या तबकडीला. कोठीच्या दारात आमचा आचारी, हातात झारा, पहाऱ्यावर! मला बघून असा दचकला की झारा पायावर. आत बघतो तर आमचा वेल्डर, दाराएवढा माणूस, तेलाच्या डब्यांमागे खांद्यापर्यंत हात घालून... आणि हातात तबकडीची वायर! म्हणजे डबा ते पेटी सगळं शाबूत, म्हणून दिवे हिरवे, आणि पेटीच्या पुढं सगळा आनंद!

मी ओरडलो, "अरे चोरांनो! दर रविवारी मी त्या बाईसमोर नाक घासतो आणि तुम्ही..."

"हळू बोला भाऊ, काका ऐकतील!" वेल्डर म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी बारीक. "आम्ही सगळ्यांनी घरी सांगितलंय, सकाळी फोन करा म्हणून. आमची बोलणी सकाळीच उरकतात. ही वायर आम्ही पाळीपाळीनं काढतो. नेटवर्क चालू असलं, आमचे फोन वाजले आणि तिचा एकटीचा वाजला नाही, तर काकांनी काय समजायचं? बंद असलं तर निदान म्हणता येतं ना, पोरीनं लावला असेल, लागला नसेल."

गेलो होतो रागवायला. मी म्हटलं, "तेलाचे डबे नीट लाव," आणि आलो परत.

आणि मग सुरू झालं माझं नाटक! दर रविवारी पाचला मी हॉलला ऐकू जाईल असा हेल्पलाइनशी भांडायचो. "काय चाललंय काय तुमचं? आमच्या काकांचा फोन यायचा असतो!" ती बिचारी विचारायची, "दिवे हिरवे आहेत का, सर?" आणि मी खरं बोलून खोटं रेटायचो, "हिरवे आहेत, हिरवे!"

एका दुपारी काका आले काउंटरवर, हातमोजे न्यायला. मोजे घातले, बोटं वळवून बघितली, आणि सहज म्हणाले, "भाऊ, ती वायर जरा हळू काढायला सांगा त्यांना. ओढून ओढून खाच सैल होईल तिची."

मी म्हटलं, "कुठली वायर?"

"मी क्रेनवाला आहे, भाऊ. खाली कोण काय उचलतंय ते न दिसून कसं चालेल?"

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? एवढे दांडगे लोक माझ्यासाठी चवड्यांवर चालतात. त्यांना कसं सांगू की मला दिसतंय म्हणून?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, ती नाही करत तर तुम्हीच करा ना फोन!"

"मी कसा करणार? रविवारी नेटवर्क नसतं."

"सोमवारी असतं! मंगळवारी असतं!"

"ती रविवारीच मोकळी असते," काका म्हणाले, आणि मोजे घेऊन गेले.

आली लक्षात भानगड? या सगळ्यांनी मायेनं वायर काढून काढून त्यांची सोयच करून ठेवली होती! मी त्याच दिवशी बरॅकमध्ये फर्मान काढलं. येत्या रविवारी कुणी वायरीला हात लावायचा नाही, जो लावेल त्याला स्टोअरमधून एक नट मिळणार नाही. आणि काकांना जाऊन सांगितलं, "नेटवर्क चालू राहणार आहे. आता तुमची मर्जी."

रविवार आला. पाच वाजले. डबा चालू! हॉल गच्च भरलेला आणि आवाज म्हणून नाही, कारण सगळ्यांची बोलणी सकाळीच उरकलेली. सगळे आपापल्या मोबाईलकडे बघतायत आणि कुणीच मोबाईल बघत नाहीये. काकांनी पेपर खाली ठेवला. उचलला. परत ठेवला. आणि लावला फोन! कानानं थोडे कमी, म्हणून स्पीकर चालू. एक रिंग... दुसरी रिंग... आणि पलीकडून, "बाबा?"

आणि गेलं!

गेलं हो! खट्‌कन बंद! सगळा हॉल वेल्डरकडे बघतोय आणि वेल्डर हात वर करून, "आईशप्पथ मी नाही! मी इथंच आहे!" आचारी कोठीत धावला, तर वायर आपली आपणच लोंबतेय. खाच सैल झालेली, बसता बसत नाही. काका तसेच बसलेले, मोबाईल हातात, बंद फोनला म्हणतायत, "बोल... बोल ना..."

मी टेबलाकडे पळालो. हेल्पलाइन! आयुष्यात पहिल्यांदा खरी तक्रार! संगीत... आपला कॉल महत्त्वाचा आहे... परत संगीत... "दिवे हिरवे आहेत का, सर?" मी म्हटलं, "बाई, दिव्यांना आग लागू दे, तुमच्या वरच्या माणसाला बोलवा!" आणि काय आश्चर्य, आला! आजवर कधी न आलेला वरिष्ठ इंजिनिअर आला! भारदस्त आवाज, "बोला सर. आज मी तुमची समस्या कायमची सोडवूनच फोन ठेवणार."

तेवढ्यात काका आत आले. फोनवरची माझी चिठ्ठी त्यांनी शांतपणे वाचली. माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. ठेवला खाली. माझा इंजिनिअर गेला! परत उचलला आणि नंबर फिरवला, तोंडपाठ, न चुकता.

"हां... मीच. अगं, इथलं नेटवर्क खराब आहे."

मग म्हणाले, "फोन करू नकोस म्हणालो होतो मी... ते तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं गं." आणि रिसीव्हर कानाशी धरून खुर्चीत बसले. मी माझ्याच ऑफिसमधून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. बाहेर वेल्डर भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडत होता. मी? मी कशाला रडू? मला दाराला पाठ लावून उभं राहायचं होतं, कुणी आत घुसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनवालीचा फोन. स्वतःहून! "सर, तुमची तक्रार आम्ही बंद केलीय. वरिष्ठांशी बोलताना तुम्ही स्वतःच फोन ठेवलात, म्हणजे समस्या सुटली असं आम्ही धरतो. बरोबर ना, सर?"

मी म्हटलं, "बरोबर."

झालं! एकदा बंद केलेली तक्रार उघडत नाहीत म्हणे. त्यामुळे डबा अजून बंद, माझी चिठ्ठी फाटलेली, आणि अख्खी बरॅक तारेच्या फोनसाठी माझ्या दारात रांगेत. ही म्हणते सवत गेली आणि सासर आलं. नट-बोल्ट मागायला कुणी येत नाही, आलं तरी मला टेबलापर्यंत पोचता येत नाही, आणि रविवारी पाचला तर मी ऑफिसच्या बाहेर स्टुलावर बसतो, कारण तेव्हा काकांचा फोन येतो आणि तो तासभर चालतो.

आणि डब्याचं विचाराल तर तो बसलाय कोपऱ्यात, पंख्याखाली... दिवे सगळे हिरवे!