ग्रामसेविकेची सायकल

वच्छला : नको म्हटलं ना, अयुबभाई. सायकल दुकानात ठेवा. मी चालत जाते वस्तीवर.

अयुब : मागल्या खेपेला चालतच गेलता की, बाई. पोचेपातुर बाया रानात निघून गेल्या. तुमीच सांगितलं.

वच्छला : मग आज जातच नाही.

अयुब : या अल्ला! काल पडलात म्हून?

वच्छला : पडायचं काही वाटत नाही हो, रोजच पडते. पण आज मनच नाही. ग्रामसेविकेची ऑर्डर आली तेव्हा गावभर पेढे वाटले होते मी. केवढा उत्साह! आता सायकल नुसती दिसली तरी पळून जावंसं वाटतं.

सोजराबाई : कोण पळून चाललंय?

वच्छला : अगंबाई, आत्याबाई! तुम्ही बाजारतळावर कशा?

सोजराबाई : सून भाकर न खाता भाईर पडली, तर सासूनं बघाय नगं? हे घे, माजं लुगडं.

वच्छला : लुगडं कशाला?

सोजराबाई : तुजं ते पाचवारी पातळ साखळीत अडकतंय आन् तू आडवी हुतीस. नऊवारी नेस, काष्टा घाल, मंग बस.

अयुब : पर मावशी, बाईंचं आज मन न्हाई.

सोजराबाई : मन? आन् माजं हाय व्हय, थंडीत उठून धार काढायचं? म्हस इचारती का, "सोजरे, आज मन हाय का गं तुजं?" ती हंबरती. उठावं लागतंय. तुजा नवरा तिकडं दौंडला इंजनात कोळसा लोटतोय, त्यो काय हौसंनं?

वच्छला : ते वेगळं, आत्याबाई. मला लोक हसतात.

सोजराबाई : हसू दे की. शुक्रवारी देवीची लस टोचणारा येणार त्या वस्तीवर. गेल्या साली त्यो आला तवा बायांनी पोरं उसात लपवली. सखूबाईनं बी लपवलं. मंग तिचं थोरलं देवीनंच गेलं का न्हाई? आता धाकटं हाय मांडीवर. तिला आधी सांगाय कोण जाणार?

अयुब : तुमीच की, बाई.

वच्छला : द्या ते लुगडं. अयुबभाई, दुकानात कुणी नाही ना? दार लोटून घेते.

सोजराबाई : तू रं, हवा बघ तवर चाकात.

अयुब : बघितली, मावशी. सकाळीच बघितली. मला ठावं हुतं, जाणार त्या.

सोजराबाई : आली बघ. कशी झोकात दिसतीय! बस आता. धर रं मागनं.

अयुब : धरलं. पुढं बघा, बाई, चाकाकडं न्हाई! मारा पायडल!

वच्छला : सोडू नका हं! धरलंय ना?

अयुब : धरलंय, धरलंय!

सोजराबाई : आरं खोटारड्या, तू तर हितं माज्याजवळ हुबा हायस!

वच्छला : काय? अगं आई गं! अयुबभाई, थांबायचं कसं?

अयुब : बिरेक... न्हाई, नगा दाबू! तशाच चला! वस्तीपातुर रस्ता सरळच हाय!

सोजराबाई : गेली की रं! जा, दुसरी सायकल घे आन् जा तिच्यामागं. दुकान मी बघते.

अयुब : पंक्चर काढाय येतंय का, मावशी?

सोजराबाई : न्हाई. पर बसाय येतंय. पळ!

(दुपार टळल्यावर, त्याच दुकानासमोर.)

सोजराबाई : आगं, सायकल ढकलत का आणतीयास? आन् ह्यो गुडघा!

वच्छला : वेशीपर्यंत चालवत आले. तिथं मेंढरं आडवी आली. वळायचं अजून कुठं शिकलेय मी?

अयुब : ह्ये तर कायच न्हाई, मावशी. वस्तीच्या तोंडाला असल्या आपटल्या, असल्या आपटल्या, की आवाजानं समदी वस्ती गोळा झाली. एका बाईला हाक मारावी लागली न्हाई!

सोजराबाई : मंग?

वच्छला : मग काय, धुळीत बसूनच सांगितलं सगळं. दंडावरचे माझे देवी टोचल्याचे वण दाखवले. आधी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग एकेक जण जवळ येऊन वणावर बोट फिरवून बघायला लागली.

सोजराबाई : आन् सखूबाई?

वच्छला : ती हसली नाही. घरातनं हळद आणून गुडघ्यावर दाबली तिनं. मी उठले, तेव्हा म्हणाली, "शुक्रवारी पडत पडत का हुईना, पर या, बाई. तुमी आलात, तर मी पोराला घिऊन थांबते."