डॉक्टरांना झोप विचारली त्याची गोष्ट

...छे हो, मला काहीही झालेलं नाही! ठणठणीत आहे! आणि तरी बघा, या माजिवड्याच्या दवाखान्यात, तुमच्या शेजारच्या खाटेवर, छातीला वायरी लावून पडलोय. का? तर चौकशी केली म्हणून! मी काय वावगं विचारलं?

तुम्हाला सांगतो, आयुष्यभर मेडिकल कॉलेजात शिकवलं. आता कॉलेजनं ठरवलं, पास होऊन गेलेल्या पोरांची विचारपूस करायची... कशी आहेत, काम कसं चाललंय. मी म्हटलं, मी करतो! मला धाकधूक ना, आपण यांना शिकवलं की नुसतं पिळलं? त्यातून ही दिशा! इंटर्नशिपला जिन्यात बसून रडायची, "सर, झेपत नाही हो." मी चहा पाजायचो. चहानं काय होणार? पुढे झेपलं का? कुणास ठाऊक! फोनच उचलेना.

म्हणून आधी वर्तकनगरच्या कल्पिताला लावला. "काय गं, झोप लागते का?" तर म्हणते, "कधीपासून, सर?" "काय कधीपासून?" "झोप येत नाही ते!" अहो, मी काय वावगं विचारलं?

मग डोंबिवलीचा प्रितम. "जेवण वेळेवर होतं ना रे?" हा एकदम आवाज मऊ करतो... वाईट बातमी द्यायचा आवाज, मीच शिकवलेला! "सर, वजन किती उतरलं? काकूंना द्या बघू फोन." आणि आमची शालू सांगते काय? "अरे, हल्ली चिडचिड फार करतात." हल्ली? लग्नापासून करतोय!

यांना कुणी फोन करतं ते स्वतःचं दुखणं सांगायला. 'तू कशी आहेस' हे कानांना ठाऊकच नाही!

झालं! दोघांनी दिशाला कळवलं, ती इथंच डॉक्टर आहे ना, आणि माझा फोन न उचलणाऱ्या बाईनं थेट ॲम्ब्युलन्स पाठवली! ईसीजी, रक्त, लघवी... सगळं नॉर्मल! म्हटलं, "अगं, मी तुझी चौकशी करत होतो. तू झोपतेस का?" "आधी नाडी बघू द्या, सर," म्हणाली, मनगट धरलं, स्टुलावर टेकली आणि... ही बघा! डोकं माझ्या गादीवर, मनगट तिच्या मुठीत, भर दुपारी घोरतेय! अहो, हळू हसा ना!

मिळालं उत्तर. मघाशी सिस्टर म्हणाली, "आजोबा, घरी जा आता." म्हटलं, नको, छातीत कसंसंच होतंय. ही उठेपर्यंत मी आजारी! हात पार बधिर झालाय... पण कुणाला सांगू नका हं. पुन्हा पहिल्यापासून तपासतील!