पिशवीची मिरवणूक

अण्णाराव : ती काचेची नळी खाली ठेव न् आधी चहा घे, ऋतुजा. नांदेडहून आलीस ती उभीच हायेस.

ऋतुजा : मामा, नळीतलं पाणी गुलाबी झालंय. म्हणजे विहिरीत विष आहे अजून.

अण्णाराव : आगं, डोळ्यानं बघ की! कारखान्याच्या घाणीनं पिवळंजर्द होतं. आता तळ दिसून राहिला.

ऋतुजा : तळ दिसला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नसतं. गेल्या खेपेला नळीतला हा गुलाबी रंग जवळजवळ गेला होता. विष शोषायला मी विहिरीत सोडलेल्या पिशवीला कुणी हात लावला?

अण्णाराव : हात कशाला लावतंय कोण...

उमाबाई : सांगा की भाचीला. मिरवली तवा लई हौस होती.

ऋतुजा : मिरवली?

अण्णाराव : सप्ताह बसला त्या दिवशी. विहीर वाचवणारी वस्तू, तिला तशीच कशी ठेवायची? वर काढली, पालखीत घातली, पंचामृतानं न्हाऊ घातली न् मग सोडली. महाराज सुदिक नाचले, बाई.

ऋतुजा : मामा, आत लोखंडाची भुकटी होती. केसाच्या टोकावर हजारो कण मावतील इतकी बारीक. बारीक आहे म्हणूनच विष धरते. हवेनं ती गंजली, वरून दुधातुपाचा थर बसला. संपली ती.

अण्णाराव : मग दुसरी आण!

ऋतुजा : प्रयोगशाळेत बनवायलाच पंधरा दिवस लागतात.

अण्णाराव : उद्या काला हाय! पाचशे पानं उठणार.

ऋतुजा : चाकूरहून टँकर मागवा.

अण्णाराव : काल कीर्तनात उभं राहून सांगितलं मी, सहा वर्षांनी प्रसाद आपल्या विहिरीच्या पाण्याचा. म्हाताऱ्या रडल्या गं. आता कोणत्या तोंडानं...

उमाबाई : आन् डाळ? चाळीस किलो भिजत घातलीया. ह्याच पाण्यात.

ऋतुजा : टाकावी लागेल, मामी.

उमाबाई : प्रसादाची डाळ?

अण्णाराव : एका दिवसानं काय होतंय? देव सांभाळत न्हाई का?

ऋतुजा : सांभाळतो की. म्हणूनच मी आज आले, परवा नाही.

उमाबाई : ठरवा आता काय ते. आत देवळात निरूपण संपत आलं.

अण्णाराव : हसतील लोकं. पालखीत बसवून औषध मारलं म्हणतील.

उमाबाई : हसू द्या. लेकरं आजारी पडण्यापरीस बरं.

अण्णाराव : डाळ गावाबाहेर खड्ड्यात पुरा. जनावरानं बी तोंड लावता कामा न्हाई. ऋतुजा, तू टँकरवाल्याला फोन लाव. आन् उमा...

उमाबाई : काय?

अण्णाराव : महाराजांना म्हणावं, गजर जरा लांबवा. मला माईकपर्यंत चालायला वेळ लागंल.